सानिकाला अर्णवचं गाणं ऐकू येतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. समजण्यात चूक झाली असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही कुमारवयाच्या वाचकांसाठी कादंबरी लिहिताय. पुण्यातली सोळा वर्षांची सानिका आणि सतरा वर्षांचा अर्णव दोघंही ख्याल गातात, वेगवेगळ्या गुरूंकडे शिकतात आणि दर स्पर्धेत एकमेकांसमोर येतात. तिसऱ्या प्रकरणात ग्रीनरूममध्ये भांडण, आठव्यात पाऊस, नवव्यात प्रेम, चौदाव्यात दोघं मिळून यमन गातात आणि शेवटच्या स्पर्धेत अर्णव तिच्यासाठी मुद्दाम हरतो. तीन जणांना वाचायला दिलंत. तिघांचंही म्हणणं एकच, की चुरस खोटी वाटते आणि प्रेम अचानक येतं. आता तुम्ही विचारताय की प्रेमाआधी आणखी एखादं प्रकरण घालू का.

मी सांगली-कोल्हापूर भागात तीस वर्षं स्पर्धांना पेटीची साथ करते. घरी पंधराएक मुलंमुली गाणं शिकतात. गेली काही वर्षं एका छोट्या प्रकाशकासाठी कुमारांच्या गोष्टींची हस्तलिखितंही वाचते. म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या आहेत. पेटीवाल्या बाईला आणखी एक फायदा असतो. एकाच दुपारी ती दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना साथ करते. कोणाचा श्वास कुठे संपतो, कोण तार षड्ज (वरचा सा) चुकवतं, कोण घाबरलं की लय वाढवतं, हे तिला परीक्षकांच्या आधी कळतं.

प्रकरण वाढवून काही होणार नाही. तुम्ही दिलेली तिन्ही प्रकरणं मी दोनदा वाचली. सानिका अर्णवकडे बघते भरपूर. कुर्त्याचा रंग, कपाळावर येणारे केस, तानपुऱ्यावरची बोटं सगळं आहे. पण त्याचं गाणं ती एकदाही ऐकत नाही. तो गायला बसला की तुम्ही ‘टाळ्यांचा कडकडाट झाला’ म्हणून पुढच्या परिच्छेदात जाता. त्यालाही तिचं काही ऐकू येत नाही. दोघं गाणारी आहेत हे कादंबरीत फक्त सांगितलेलं आहे. त्यांना चित्रकार किंवा बॅडमिंटनपटू केलं तरी दहा-बारा शब्दच बदलावे लागतील. चुरस खोटी वाटते ती म्हणून. आणि प्रेम अचानक येतं, कारण ज्या वाटेनं ते यायला हवं होतं ती वाट तुम्ही बंद ठेवलीय.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करते. तुमची मुलं सिंधुदुर्गातली असती आणि डबलबारी भजनात असती, तर मी दुसरंच सांगितलं असतं. तिथे दोन बुवा रात्रभर समोरासमोर असतात आणि उत्तर त्याच मांडवात द्यायचं असतं. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्यात सवाल-जवाबच असतात, त्यामुळे चुरस उघड, चढ्या आवाजातली. कॉलेजच्या बँडमधली गिटारवाली मुलं आणखी वेगळी. ख्यालाच्या स्पर्धेत मात्र प्रतिस्पर्धी एकमेकांशी बोलतही नाहीत. एक गात असतो तेव्हा दुसरा विंगेत किंवा तिसऱ्या रांगेत गप्प बसलेला असतो. सगळी मारामारी कानात चालते, आणि लिहायला तीच अवघड.

आता एक पाहिलेली गोष्ट सांगते. एका आंतरशालेय स्पर्धेत मी एका मुलीला साथ करत होते. तिच्यानंतर ज्याचं नाव होतं तो मुलगा समोरच हाताची घडी घालून बसला होता. काहीही झालं तरी दाद द्यायची नाही असं ठरवून बसलेला चेहरा मला चांगला ओळखता येतो. मुलीच्या द्रुत बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, जरा अडनिड्या मात्रेवरून उठत होता. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तिनं तो आणखी उशिरा उचलला, इतका की तबलजीनं माझ्याकडे पाहिलं. आणि ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अचूक आली. तबल्यावर ‘धा’ पडायच्या क्षणभर आधी त्या मुलाची मान खाली गेली होती. घडी तशीच, चेहरा तसाच, फक्त मान. त्याला ते कळलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. मुलीनं गाता गाता ते पाहिलं.

टाळ्या आवरता येतात, ‘वा’ गिळता येतं. दहा वर्षं तालीम झालेल्या मुलाला समेवरची मान आवरत नाही. त्या दोघांचं पुढे काय झालं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पण तुमच्या कादंबरीतलं पहिलं प्रेमाचं दृश्य हे आहे असं मला वाटतं. ते तिसऱ्या प्रकरणातच यायला हवं, भांडणाच्या आधी. मग ग्रीनरूममधलं भांडणही आपोआप खरं होईल. मान हलल्याचा राग कोणावर तरी काढावा लागतोच.

तुम्ही लिहिलंय: ‘तिच्या स्वर्गीय सुरांनी सभागृह मंत्रमुग्ध झालं. अर्णवच्या मनात असूयेची ठिणगी पडली.’ हे वाक्य कुठल्याही गायिकेला चालेल, म्हणून ते सानिकाचं नाही. समजा, दोघांनीही बागेश्री राग निवडलाय. स्पर्धेत हे नेहमी होतं, कारण मुलांना शोभणारे आणि परीक्षकांना आवडणारे राग मोजकेच आहेत. मग असं काहीतरी लिहून पाहा:

‘सानिकानं मध्यमावर थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. धैवताला नुसता हात लावून परत फिरली आणि मग मध्यमावर अशी बसली, जणू तो तिला आत्ताच सापडला होता. अर्णवनं खिशातला स्पर्धकाचा बिल्ला मुठीत आवळला. मागच्या महिन्यात ही जागा त्याच्या तोंडाशी येऊन गेली होती. त्यानं ती सोडून दिली होती.’

यात ‘असूया’ हा शब्द नाही. वाचकाला बागेश्री माहीत नसला तरी बिघडत नाही. एक मुलगी एका ठिकाणी थांबली नाही आणि एका मुलाला ते लागलं, एवढं त्याला कळतं. संगीताचे शब्द कमी वापरा, पण वापराल ते नेमके वापरा. हवं तर बागेश्रीतल्या पंचमावरूनच (‘प’ या सुरावरूनच) दोघांना भांडायला लावा. त्या रागात पंचम अगदी थोडा असतो, उतरताना येतो न येतो, आणि काही जण तो घेतच नाहीत. ‘तू पंचम घेतलास’ हे वाक्य सोळाव्या वर्षी ‘तू खोटं बोललास’ इतक्या जोरात म्हणता येतं. मी ऐकलंय.

आता घराण्यांचं. दोघं ‘वेगवेगळ्या गुरूंकडे’ शिकतात एवढंच तुम्ही म्हणता. कुठल्या? पुणेच हवं असेल तर राहू द्या, पण मी तुमच्या जागी असते तर गोष्ट आमच्याकडे आणली असती. यात गावाचा अभिमान थोडा आहेच. पण कारणही आहे. मिरजेत किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि तिथल्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. त्याच मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले. आणि कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब होते. पन्नासेक किलोमीटरच्या पट्ट्यात तीन घराणी, आणि मधून जाणारी पॅसेंजर गाडी. तानपुरे बनवणारी गल्ली मिरजेत आहेच. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

सानिका कोल्हापूरची, जयपूर गायकी शिकणारी. अर्णव मिरजेचा, किराण्याचा. आता त्यांच्या चुरशीला आपोआप विषय मिळतो. तो एकेका सुरावर रेंगाळत राग उलगडणार आणि तिला वाटणार, ह्याला पुढे जायची घाईच नाही, लय कुठे आहे? ती आकारात तालाचं आवर्तन (एक फेरा) भरत, लयीला बिलगून समेवर येणार आणि त्याला वाटणार, हिला एका सुरावर दोन क्षण टेकवत नाही. दोघंही आपापल्या गुरूंचंच मत बोलत असतात. सोळाव्या वर्षी स्वतःचं मत नसतं, पण आवाज मोठा असतो. मग हळूहळू तिला दिसायला लागतं की त्याचा गंधार आपल्या गंधारापेक्षा जास्त वेळ जिवंत राहतो. आणि तो घरी दार लावून तिच्यासारखी आवर्तनं भरायला लागतो. त्यांना प्रेम कळायच्या आधी त्यांच्या गुरूंना गाण्यातला बदल कळतो. ‘हे कुठून आलं?’ असं गुरुजींनी विचारलं आणि मुलगा गप्प बसला, की तुमचं एक आख्खं प्रकरण तयार.

स्पर्धेचं गणितही थोडं सांगते, कारण तुमच्या प्रकरणांत मुलं तास-दीड तास गाताना दिसतात. मी साथ करते त्या स्पर्धांत आठ-दहा मिनिटं मिळतात. विलंबित (संथ) एकतालाची एक मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं आवर्तन पाऊण मिनिटाहून किंचित जास्त होतं. म्हणजे विलंबिताला पाच-सहा आवर्तनं दिली की निम्मा वेळ गेला, मग द्रुत, मग ताना, मग घंटा. अर्णवसारख्या किराण्याच्या मुलाचे यात हाल होतात, त्याचा राग उघडतो न उघडतो तोच घंटा वाजते. सानिका तीच दहा मिनिटं नेटकी भरते. म्हणून ती जिंकते. आणि तिला माहीत असतं की ती का जिंकली. जिंकलेल्या मुलीला हे माहीत असणं फार कामाचं आहे, हारलेल्याच्या दुःखापेक्षा जास्त.

यापेक्षाही मोठी गोष्ट तुमच्या हातातून सुटलीय. अर्णव सतरा वर्षांचा आहे, म्हणजे त्याचा आवाज फुटून फार तर तीन-चार वर्षं झालीत. तुमच्या पुस्तकात याचा उल्लेखच नाही. बारा वर्षांचा मुलगा काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, मुलींच्या बरोबरीनं गात असतो. तेरा-चौदाला एक दिवस तार षड्ज लागत नाही. मग मध्यम चिरतो. आवाज कधी वर, कधी खाली, घरात हसतात. गुरू समजूतदार असले तर म्हणतात, जोर लावू नकोस, हलका खर्ज (खालचे सूर) लाव, वर्षभर स्पर्धा बंद. समजूतदार नसले तर गळा कायमचा बिघडतो, अशीही उदाहरणं आहेत. मग आवाज स्थिरावतो तो कुठेतरी काळी एकला. तोवर सगळे जुने दागिने, ताना, हरकती नव्या गळ्यात बसत नाहीत. माझ्याकडच्या एका मुलानं त्या काळात पेटीच शिकून घेतली, नाहीतर गाणं सोडलंच होतं त्यानं.

आता हे तुमच्या गोष्टीत घाला. बाराव्या वर्षापर्यंत दरवर्षी अर्णव पहिला आणि सानिका दुसरी. तेराव्या वर्षी यादीत त्याचं नाव नाही. पुढची तीन वर्षं ती पहिली येते आणि दर वर्षी यादी हातात आली की आधी त्याचं नाव शोधते. आई म्हणते, बरं झालं, तो नाही. तिला मात्र त्या पहिल्या नंबराची चव लागत नाही. सोळाव्या वर्षी ती विंगेत बसलेली असताना स्टेजवरून एक अनोळखी, जाड, खालच्या पट्टीतला आवाज येतो. गाणारा कोण ते तिला दिसत नाही. पण मध्यमावर यायची पद्धत ओळखीची आहे. आवाज बदलला, वळण नाही. ती त्याला ओळखते. वाचक, सांगते तुम्हाला, त्या पानावर खिळून राहील, आणि प्रेम अचानक आलं असं कोणी म्हणणार नाही. ते चार वर्षं येतच होतं.

पावसाचं प्रकरण काढून टाका. त्याऐवजी तानपुरा लावण्याचं दृश्य लिहा. हल्ली स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक तानपुरा असतो, पण एखाद्या बैठकीत खरा तानपुरा ठेवायला हरकत नाही. दोन मुलं, एक तानपुरा. तो तारा छेडतोय, ती खुंटी पिळतेय, मग मणी सरकवतेय, मग जवारीचा दोरा केसभर इकडे-तिकडे. बोलायचं काहीच नाही, कारण बोललं तर सूर ऐकू येत नाही. दोघांनी एकाच तारेकडे कान लावलाय आणि ‘आता’ हा शब्द दोघांच्या तोंडून एकदम निघतो. कुमारांसाठीच्या पुस्तकात याहून जास्त जवळीक मला नको वाटते. हे मी पालक म्हणून नाही, वाचक म्हणून सांगतेय.

फोनचाही वापर करा. तुमची मुलं एकमेकांना लांबलचक, पुस्तकी मजकूर पाठवतात. गाणारी मुलं असं लिहीत नाहीत. ती दहा सेकंदांचा आवाज पाठवतात. सकाळी सहा वाजता, तानपुरा मागे, एकच गंधार, खाली काही शब्द नाहीत. उत्तरही तसंच. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईनं मुलीचा फोन तपासून मला विचारलं होतं, ‘बाई, ह्यात नुसतं आ-आ आहे, काळजीचं काही नाही ना?’ मी नाही म्हणाले. खरं तर होतं.

आता अर्णवच्या मुद्दाम हरण्याविषयी. हा शेवट मला मान्य नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं अगदी व्यवहाराचं: मुद्दाम हरायचं म्हणजे नेमकं काय करायचं? दहा वर्षं सुरात गाणाऱ्याला ठरवून बेसूर होणं सोपं नसतं. लय चुकवली तर तबलजी आणि मी सावरून घेतो, तो आमचा धर्मच आहे. त्याला करता येण्यासारखं एकच आहे, धोका न पत्करणं. अवघड जागा टाळायची, तान अर्ध्यावर मिटवायची, बेताचं गायचं. परीक्षकांना ते ‘आज जमलं नाही’ असं वाटेल. पण सानिकाला? चार वर्षं ज्याचं गाणं कानात घेऊन फिरली त्याच्या दुसऱ्या आवर्तनातच तिला कळेल. आणि तिला आनंद होणार नाही. आपल्याला बक्षीस दान केलं गेलं, हे कोणत्या गाणाऱ्या मुलीला सहन होईल? दुसरं कारण हेच. तुम्ही त्याला मोठा केलात आणि तिला छोटी.

पण हा प्रसंग फेकू नका, फक्त जागा बदला. तो दहाव्या-अकराव्या प्रकरणात न्या आणि ती त्याची चूक आहे असं लिहा. बक्षीस घेऊन ती खाली येते, हसत नाही, आणि त्याला एकच वाक्य म्हणते: ‘निषादावरून का परत आलास?’ त्याला उत्तर देता येत नाही. तिथून दोघांमधलं पहिलं खरं भांडण सुरू होतं, तिसऱ्या प्रकरणातल्यापेक्षा कितीतरी खोल.

त्याला जर काही द्यायचंच असेल, किंवा तिला, तर चीज, म्हणजे बंदिश, द्या. मला वाटतं तुमच्या गोष्टीचा खरा पेच इथे आहे. जुन्या काळी उस्ताद चिजा जपत. अंतरा, म्हणजे चिजेचा दुसरा भाग, शिष्याला वर्षानुवर्षं मिळत नसे, अशा कहाण्या प्रत्येक घराण्यात सांगतात. आज यूट्यूबवर सगळं आहे, तरीही काही बंदिशी अजून घरच्याच राहतात, आणि ‘ही बाहेर गायची नाही’ असं सांगणारे गुरू मला आजही भेटतात. समजा, सानिकाच्या गुरूंनी तिला अशी एक अनवट (क्वचित गायल्या जाणाऱ्या) रागातली चीज दिलीय. आणि एका संध्याकाळी पॅसेंजरमध्ये, जयसिंगपूर ते हातकणंगले, ती अर्णवला ती हळू आवाजात सांगते. स्थायी आणि अंतरा, दोन्ही. हे पत्रापेक्षा मोठं आहे. आणि हा गुरूंशी केलेला दगाही आहे. तिला दोन्ही कळतं. पुढे कधीतरी किराण्याच्या त्या मुलाच्या तोंडून, नकळत, त्या चिजेची एक ओळ निघते आणि ऐकणाऱ्यांत तिचे गुरुजी असतात. पावसापेक्षा हे पुष्कळ बरं.

गुरुजींना खलनायक मात्र करू नका. त्यांच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे: विश्वासानं दिलेली वस्तू होती. अर्णवला बोलू द्यायचं असेल तर तो भास्करबुवा बखल्यांचं नाव घेऊ शकतो. ते फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांकडे, तीन घराण्यांचं गाणं शिकले. त्यावर गुरुजींचं उत्तर काय असेल ते मला माहीत आहे: ‘ते मागून शिकले.’ सतरा वर्षांच्या मुलाला याच्यावर बोलता येणार नाही, आणि येऊही नये.

मुलं गाण्यातली म्हणून बाकीचं आयुष्य विसरू नका. दहावी-बारावी, क्लास, विशारदची परीक्षा. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, आणि बऱ्याच घरांत गाणं त्या गुणांपर्यंतच चालतं. सानिकाचे वडील ‘आता गुण मिळाले, बास’ म्हणाले, तर तिच्या पुढच्या स्पर्धेला एकदम वजन येतं. एवढी एक ओळ पुरे, त्यावर प्रकरण नको.

इथवर जे म्हटलं त्याचा धागा एवढाच: मान आधी हलवा, भांडण नंतर. आवाज फुटल्याची तीन वर्षं गोष्टीत आणा. पाऊस जाऊ द्या, तानपुरा येऊ द्या. मुद्दाम हरणं मध्यावर आणि चूक म्हणून. आणि चीज हा पेच.

राहिलं चौदावं प्रकरण, जिथे दोघं एकत्र ‘एकाच पट्टीत यमन गातात आणि दोन आवाज एक होतात’. असं होत नाही. त्याची पट्टी काळी एक, तिची काळी तीन किंवा चार. त्याच्या पट्टीत ती गायली तर तिचा अर्धा वेळ खर्जात जाईल, आवाज हवेसारखा पोकळ येईल. तिच्या पट्टीत तो गायला तर तार सप्तकात ओरडेल. गाणं शिकलेला वाचक इथे पुस्तक मिटेल.

यातून वाट आहे आणि ती फार सुंदर आहे. पंडित जसराजांनी स्त्री आणि पुरुष गायकांच्या जुगलबंदीसाठी मूर्च्छनेच्या (तेच स्वर ठेवून सा बदलण्याच्या) जुन्या तत्त्वावर एक प्रकार बांधला, त्याला जसरंगी म्हणतात. अश्विनी भिडे-देशपांडे आणि संजीव अभ्यंकर यांची जसरंगी ऐका. दोघं आपापल्या पट्टीत, आपापला वेगळा राग गातात, पण स्वर मात्र तेच असतात.

पेटीवर दाखवते. काळी एक, काळी दोन, पांढरी तीन, काळी तीन, काळी पाच. पाचच पट्ट्या. अर्णवचा सा काळी एकला धरला तर या पाचांत सा, रे, कोमल ग, म, ध मिळतात, म्हणजे आभोगी. आता याच पाच पट्ट्या तशाच ठेवून सानिकाचा सा काळी तीनला धरा. सा, ग, प, ध, कोमल नि. म्हणजे कलावती. त्याचा मध्यम हा तिचा षड्ज. तिचा पंचम हा त्याचा षड्ज. आभोगीत पंचम नसतो, म्हणून त्याचा तानपुरा मध्यमात लावायचा. तिचा पंचमात. दोन्ही तानपुऱ्यांवर तेच दोन स्वर वाजणार, फक्त कोणता स्वर घरचा हे दोघांचं वेगळं.

तुम्ही ‘दोन आवाज एक झाले’ लिहायला निघाला होतात. इथे कोणालाच दुसऱ्यासारखं व्हावं लागत नाही, कोणी आपली पट्टी सोडत नाही, तरी एकाच्या सुराचं टोक दुसऱ्याच्या हातात जातं. आणि ते सोपंही नाही. समोरच्याचा सा सतत कानावर येत असताना आपला धरून ठेवायचा असतो. चांगली तयारीची माणसंही पहिल्यांदा डगमगतात. तुमच्या मुलांना पहिल्या तीन तालमींत सपशेल पडू द्या. तिला त्याच्या सा-वर घसरू द्या, त्याला हसू द्या. तबला कोणाच्या सा-ला लावायचा यावर भांडू द्या. माझं मत विचाराल तर काळी तीनला, दोघांनाही चालतो. आणि हे गाणं स्पर्धेत ठेवू नका. तिथे अशी जोडी कोणी घेणार नाही. गुरुपौर्णिमेच्या घरगुती कार्यक्रमात ठेवा, समोर दोघांचेही गुरुजी, शेजारी पोह्यांच्या बशा.

शेवटच्या स्पर्धेत कोण जिंकतं ते तुम्ही ठरवा. फक्त ‘पहिला क्रमांक विभागून’ नको. खऱ्या आयुष्यात परीक्षकांना भांडण टाळायचं असतं तेव्हा ते असं करतात आणि दोन्ही घरं नाराज होऊन जातात. एकाला जिंकू द्या. मला विचाराल तर अर्णवला, आणि घंटा वाजल्यानंतर अर्धं आवर्तन जास्त गाऊन, दंडाचे गुण कापूनसुद्धा. सानिका विंगेत असेल. तिची मान कधी हलते तेवढं लिहा.

लिहिण्याआधी एखाद्या स्पर्धेला दिवसभर जाऊन बसा, स्टेजजवळ, पेटीवाल्याच्या बाजूला. ‘पट्टी?’ असं विचारल्यावर मुलं कुठल्या आवाजात उत्तर देतात ते ऐका. घरी येऊन तिसरं प्रकरण पुन्हा लिहा आणि मला पाठवा, वाचेन. चौदाव्यातला यमन मात्र आजच काढा.